परक्या नाडीची शांतता

ज्या दिवशी रुग्णालयाने माझा सत्कार केला, त्याच दिवशी सकाळी शरयू मगदूमने पाठीच्या मणक्यात सातव्यांदा सुई टोचून घेतली होती आणि सातव्यांदा ती रडली नव्हती. सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर तिच्या नाडीचा आलेख दाखवण्यात आला. शेजारी माझाही होता. दोन्ही रेषा एकमेकींना लगटून, कुठेही न डचमळता, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या होत्या. अधिष्ठात्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. मी नारळाच्या शेंडीकडे पाहत उभा राहिलो, कारण मान वर केली असती तर पहिल्या रांगेत बसलेल्या शरयूच्या आईकडे पाहावे लागले असते. त्या मनापासून टाळ्या वाजवत होत्या.

त्या रेषांचा खरा अर्थ मला तोवर कळला होता. कळून नऊ दिवस झाले होते.

रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलांच्या मणक्यातून दर काही आठवड्यांनी पाणी काढावे लागते आणि त्याच वाटेने औषध आत सोडावे लागते. कातडी बधिर करता येते, भीती करता येत नाही. दर वेळी पूर्ण भूल द्यायला डॉक्टर कचरत. मग चौघांनी धरायचे, पाचव्याने ‘मुंगी चावल्यासारखं होईल हं’ असे खोटे बोलायचे आणि सहाव्याने टोचायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. सन २०४४मध्ये आमच्या विभागात ‘स्पंदसेतू’ आला तो ही रीत मोडण्यासाठी.

त्यामागची कल्पना साधी होती. तान्हे मूल आईच्या छातीवर निजले की थोड्या वेळात दोघांचे श्वास एका लयीत येऊ लागतात. हृदयांची गती एकमेकांकडे झुकते. मेंदूतून निघून मानेवाटे छातीपोटात उतरणारी व्हेगस नावाची मज्जातंतूंची जोडी धावत्या हृदयाला लगाम घालते. स्पंदसेतूने एवढेच केले की आईची ती छाती यंत्रात बसवली. सोबत करणाऱ्या माणसाच्या मनगटावर पट्टा असतो. तो त्याचे ठोके, श्वास आणि घाम टिपतो. मुलाच्या दोन खांद्यांमध्ये एक मऊ गादी चिकटवतात. तिच्यातून तेच ठोके हलक्या थापांसारखे पोचतात आणि कानामागची एक टिकली त्याच तालावर सौम्य विद्युत्स्पंद सोडून मुलाच्या व्हेगसला जागे करते. मिनिटाभरात मुलाचे शरीर सोबत्याच्या शरीरामागून चालू लागते.

अर्थात, सोबती घाबरलेला असेल तर मूल त्याच्या भीतीमागून चालू लागते. म्हणून शांततांक आला. शंभरापैकी किती शांत, हे यंत्रच सांगे. आयांचा अंक तीस-चाळिशीत अडके, वडिलांचा त्याहून खाली. रुग्णालयाने पगारी सोबती नेमायचे ठरवले. मी भौतिकशास्त्राची पदवी घेऊन घरी बसलेला, चारचौघांत जीभ जड होणारा सव्वीस वर्षांचा मुलगा. चाचणीला गेलो तेव्हा नाकारला जाण्याची तयारी करूनच गेलो होतो. माझा शांततांक चौऱ्याण्णव आला.

‘‘सारंग, तू योगबिग करतोस का?’’ विभागप्रमुख डॉ. मृणाल खाडिलकरांनी विचारले.

‘‘नाही.’’

‘‘मग हे येतं कुठून?’’

मी खांदे उडवले. कुठून येते ते मला नेमके ठाऊक होते. आठ वर्षांचा असताना माझ्या मांडीवर उकळती आमटी सांडली होती. दोन महिने दिवसाआड पट्टी बदलली जाई. जुनी पट्टी कातडीसकट निघे. पहिल्या आठवड्यात मी ओरडलो. दुसऱ्या आठवड्यात मी निघून जायला शिकलो. आमच्या शाळेमागे एक कोरडा हौद होता. दाराशी ट्रे वाजला की मी मनाने त्या हौदाच्या तळाशी जाऊन बसे. तिथे आवाज पोचत नसे, मांडीही पोचत नसे. घरचे म्हणाले, केवढा शहाणा झाला! मलाही तसेच वाटले. पुढे मी दुखऱ्या प्रत्येक प्रसंगातून असाच उतरून जात राहिलो आणि त्याला स्वभाव म्हणू लागलो.

शरयू सात वर्षांची होती. शिरोळकडची. वडील ऊसतोडणी यंत्रावर, आई अंकिता बेदाण्याच्या शेडवर निवडणीला. पहिल्या दिवशी नियमाप्रमाणे पट्टा आईच्याच मनगटावर बांधला गेला. नव्वद सेकंदांत अंक साठावर गेला नाही, तर सोबती बदलायचा, असा नियम होता. अंकिताताईंचा अंक एकतीसवर लटपटत होता. शरयू किंचाळत होती. नव्वदावे सेकंद उलटले आणि नदाफ सिस्टरनी पट्टा सोडला.

‘‘ताई, तुम्ही बाहेर बसा जरा. चहाबिहा घ्या.’’

‘‘माझं काय चुकलं का?’’

‘‘चुकलं नाही ओ. तुमची धडधड पोरीला जातीय. हा दादा बघा, ह्याच्या अंगावर साप सोडला तरी नाडी हलायची नाही.’’

अंकिताताईंनी माझ्याकडे पाहिले. देवळात पुजाऱ्याकडे पाहावे तसे. मग त्या पदराने हात पुसत बाहेर गेल्या आणि दार लोटले गेले. मी पट्टा बांधला, शरयूच्या डोक्यावरच्या विरळ केसांकडे नजर लावली आणि हौदात उतरलो. मिनिटाभरात ती गप्प झाली. सुई गेली, पाणी आले, औषध सुटले. ती हलली नाही.

‘‘जादू आहे बाबा,’’ नदाफ सिस्टर म्हणाल्या.

माझ्या आयुष्यात मला कुणी जादू म्हटले नव्हते.

वर्षभरात मी सात नव्या सोबत्यांना शिकवून तयार केले. मी त्यांना सांगत असे : एक जागा निवडा, सुई दिसली की तिथे जाऊन बसा. ते मन लावून शिकले. आमच्या आठ मनगटांवर एक्केचाळीस मुले शांत होत गेली.

सहाव्या सुईनंतर काही दिवसांनी शरयू खेळघरात कापडी बाहुलीशी खेळत होती. मुलांनी खोट्या सुईने बाहुलीला टोचावे, तिचे रडे काढावे, तिला समजवावे, म्हणजे मनातले बाहेर येते, असा तिथला प्रघात. इतर मुले टोचताना स्वतःच ‘आई गं’ करत. शरयूने बाहुलीला कुशीवर वळवले, पाठ पुसली, सुई खुपसली आणि कापूस दाबून ठेवला. एखाद्या जुन्या कंपाउंडरसारखी.

‘‘दुखलं का गं तिला?’’ मी विचारले.

‘‘तिला काय विचारतोयस? ती हितं न्हाई.’’

अंकिताताई बाजूला बसून तिचे मोजे घडी करत होत्या. त्या हलकेच हसल्या. मग हसू विरले. ‘‘दादा, एक विचारू? आता ही माझ्याकडं रडत येतच न्हाई. परवा दारात बोट सापडलं, नख काळंनिळं. मला जेवताना दिसलं. आमच्या शेडवर असा दाणा येतो बघा. वरनं टपोरा, रंगाला झ्याक. बोटात धरला की कळतं, आत गर न्हाई.’’

‘‘उपचारांचा थकवा असतो, ताई,’’ मी म्हणालो.

खोटे बोलतानाही माझी नाडी हलली नसावी.

त्या दुपारी मी नोंदींच्या खोलीत जाऊन स्पंदसेतूच्या मूळ नोंदी उघडल्या. निवांत माणसाचे हृदय घड्याळासारखे चालत नाही. श्वास आत घेताना ते किंचित धावते, सोडताना रेंगाळते. खऱ्या शांततेच्या रेषेवर म्हणून तळ्यावर असावी तशी बारीक लहर असते. पण मांजराच्या जबड्यात मेल्यासारख्या पडलेल्या उंदराचेही हृदय मंदावते. तेही त्याच मज्जातंतूचे काम. फक्त तिथे लहर नसते. आमचे यंत्र मंदावणे तेवढे मोजत होते आणि लहर गोंगाट समजून गाळून टाकत होते. मी ती गाळणी काढली.

माझी रेषा सपाट होती. दगडी पाटीसारखी. शरयूची पहिल्या सुईला थोडी थरथरत होती, तिसरीला कमी, सहावीला माझ्याइतकीच सपाट. मी तिला शांतता दिली नव्हती. मेल्याचे सोंग घ्यायला शिकवले होते, आणि ती हुशार मुलगी ते शिकली होती.

मग मी पहिल्या दिवशीची अंकिताताईंची नोंद काढली. सुरुवातीला उभा चढ, एकशे चौतीस ठोके. पण ऐंशीव्या सेकंदाला त्या चढाला वळण लागले होते. रेषा खाली यायला लागली होती, लहर घेऊन. आणि तिच्या मागे, दोन पावलांवर, शरयूचीही. नव्वदाव्या सेकंदाला नोंद तुटली होती. तिथे पट्टा सोडला होता आणि माझा बांधला होता.

मी खोली बंद केली. घरी आलो. कुणालाही काही सांगितले नाही.

वस्तीतले लोक मला ओळखू लागले होते. आई शेजारणींना माझा अंक सांगत असे. मी स्वतःला म्हणालो, आधी खात्री करू. मग म्हणालो, सत्कार होऊन जाऊ दे, नाहीतर डॉक्टरांची शोभा होईल. सत्काराच्या सकाळी मी सर्व जाणून शरयूजवळ बसलो आणि तिला सातव्यांदा घेऊन गेलो. जिथे मी एकटा जात असे, तिथे एक सात वर्षांची मुलगी माझ्यामागून येते आहे हे मला माहीत होते, आणि तरीही मी वळून पाहिले नाही.

नंतरही चौदा दिवस गेले.

चौदाव्या दिवशी शरयूला तापाने फणफणलेली आणले. कानात पू झाला होता, जंतू रक्तात उतरले होते. अंगात पांढऱ्या पेशी नसलेल्या मुलाला असा संसर्ग एका दिवसात नेऊ शकतो. तिचा कान तीन दिवस ठणकत असणार, असे डॉक्टर म्हणाले. तिने कुणाला सांगितले नव्हते. उशीवर डाग दिसला तेव्हा अंकिताताईंना कळले.

अतिदक्षता विभागाच्या बाहेर त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. मला पाहताच पुढे आल्या.

‘‘दादा, मी तिला विचारलं, दुखत हुतं तर बोलली का न्हाईस? तर म्हणती, दुखायला लागलं की मी जातीय. कुठं जातीस? तर म्हणती, सारंगदादा जातोय तितं.’’ त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. नुसती विचारणा होती. ‘‘तुमी कुठं जाताय ओ?’’

मी जिना उतरून डॉ. खाडिलकरांच्या खोलीत गेलो आणि उभ्या उभ्या सगळे सांगितले. हौद, आमटी, गाळणी, ऐंशीवे सेकंद. त्यांनी नोंदी स्वतः पाहिल्या.

‘‘तुला कधी कळलं?’’

‘‘तेवीस दिवस झाले.’’

‘‘सत्कार कधी झाला?’’

‘‘चौदा दिवसांपूर्वी.’’

‘‘नारळाचं काय केलंस?’’

‘‘घरी आहे. फोडला नाही.’’

त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. हसू नव्हते ते. ‘‘नव्वद सेकंदांचा नियम मी केला होता, सारंग. मला वेळ वाचवायचा होता. ते माझ्याकडे राहील. तेवीस दिवस मात्र तुझे.’’ त्यांनी फोन उचलून सगळे पट्टे उतरवायला सांगितले. मग म्हणाल्या, ‘‘मुलाला भीती चढते आणि उतरते हे अंगाने कळायला हवं होतं. आपण त्याला भीती चढायच्या आधीच निघून जायला शिकवलं. आता घरोघरी कळवावं लागेल. पत्राने नाही. तोंडाने. तू.’’

शरयू सहाव्या दिवशी अतिदक्षता विभागातून बाहेर आली. त्या सहा दिवसांत मी एक्केचाळीस घरांशी बोललो. कुणी शिव्या दिल्या, त्या सोप्या गेल्या. एक वडील म्हणाले, ‘‘पोरगं शांत झालं म्हणून पेढे वाटले हो मी कारखान्यात.’’ सगळ्यांत शेवटी, कारण मी ते शेवटी ठेवले होते, अंकिताताईंसमोर बसलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले. त्या रडल्या नाहीत.

‘‘म्हंजी ऐंशीला उतरत हुतं?’’ त्यांनी विचारले.

‘‘हो.’’

‘‘आणिक धा सेकंद थांबला न्हाईसा कोण.’’

‘‘नाही.’’

‘‘वरीस झालं, दादा. मला वाटायचं, माझ्या काळजात किडा हाय. पोरीला हात लावायची भ्या वाटायची, माझं भ्या तिला लागंल म्हणून.’’ त्यांनी आपल्या तळहातांकडे पाहिले. ‘‘लांब बसायची मी. तुमाला सांगायला काय झालं हुतं?’’

त्या आणखी काही बोलतील म्हणून मी वाट पाहिली. त्या उठून मुलीकडे गेल्या.

आठवी सुई तीन आठवड्यांनी ठरली. पट्टा आईच्या मनगटावर असणार होता, गाळणी काढलेला, नव्वद सेकंदांचा नियम नसलेला. मला त्या खोलीत जायचे कारण नव्हते. मीच डॉक्टरांकडे परवानगी मागितली, पट्ट्याशिवाय, कोपऱ्यात. त्यांनी अंकिताताईंना विचारले. ‘‘येऊ दे की,’’ त्या म्हणाल्या, ‘‘बघू दे त्यालाबी.’’

शरयू कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजली. तोंड आईकडे. मी आईच्या मागे, भिंतीजवळ.

‘‘मी भ्याले तर?’’ अंकिताताईंनी विचारले.

‘‘भ्या की,’’ डॉ. खाडिलकर हातमोजे चढवत म्हणाल्या. ‘‘फक्त निघून जाऊ नका. शरयू, दुखणार आहे बरं का. आधी गार लागेल, मग टोचेल, मग आत दाबल्यासारखं होईल. ओरडावंसं वाटलं तर ओरड, हलू मात्र नकोस.’’

शरयूच्या डोळ्यांत ती ओळखीची सपाटी उतरू लागली होती. ती निघाली होती. मला ती वाट ठाऊक होती. तिच्या प्रत्येक वळणावर माझ्या पावलांचे ठसे होते. खांद्यांमधल्या गादीतून आईची धडधड तिच्या पाठीवर आदळत होती, एकशे अडतीस, एकशे बेचाळीस. नदाफ सिस्टरनी सवयीने घड्याळाकडे पाहिले, मग घड्याळाकडे पाठ केली. नव्वद गेले. शंभर गेले.

‘‘शरे,’’ अंकिताताई तिच्या कपाळाला कपाळ टेकवून म्हणाल्या, ‘‘कुठं चाललीस गं? मी हितं हाय. मला लई भ्या वाटायलंय. मला एकटीला टाकून जाऊ नगंस.’’

मुलीच्या पापण्या हलल्या. तेवढ्यात सुई टेकली. तिचे तोंड वाकडे झाले, ओठ थरथरले, आणि मग ती ओरडली. वर्षभर साठलेले एकदम यावे तशी. ‘‘आई! आई गं, दुखतंय! सांग की त्यास्नी, दुखतंय!’’

‘‘व्हय गं माझी बाय, दुखतंय, दुखतंय,’’ अंकिताताई रडत म्हणत होत्या, आणि तिची मूठ त्यांनी छातीशी घट्ट धरली होती.

पडद्यावर काय चालले होते ते मी पाहिले नाही. मी सुईकडे पाहत होतो. वर्षभर त्या खोलीत बसून मी ती एकदाही पाहिली नव्हती. ती माझ्या कल्पनेपेक्षा लांब होती. दोन मणक्यांच्या मधल्या खळग्यात, इतक्या लहान पाठीत, ती हळूहळू नाहीशी होत गेली आणि तिच्या टोकातून स्वच्छ पाण्याचा थेंब आला. मी हौद शोधला. तो होता, पायऱ्याही दिसत होत्या. मी उतरलो नाही. मग कानांत घुंई घुंई सुरू झाली, भिंत पाठीमागून सरकली, आणि चौऱ्याण्णव शांततांकाचा सोबती गुडघ्यांतून मोडून फरशीवर बसला. बसताना ट्रे सोबत घेऊन.

‘‘या अल्ला!’’ नदाफ सिस्टर म्हणाल्या. ‘‘अहो, त्या सोबत्याला सोबत द्या कुणीतरी!’’

‘‘राहू दे त्याला तिथेच,’’ डॉक्टर मान वर न करता म्हणाल्या. ‘‘औषध जातंय. शरयू, हलू नकोस, शाब्बास.’’

ती हलली नाही. रडत होती, नाक वाहत होते. पण हुंदक्यांमध्ये आता अंतर पडू लागले होते. मी फरशीवर होतो म्हणून माझा चेहरा तिच्या चेहऱ्याच्या पातळीवर आला होता. पलंगाच्या कडेवरून, आईच्या दंडाखालून तिने माझ्याकडे पाहिले. तिने मला असे कधी पाहिले नव्हते. खरे तर पाहण्यासारखे तिथे कुणी नसेच.

‘‘तुला काय झालं?’’ तिने हुंदका गिळत विचारले.

माझ्या तोंडाशी ‘काही नाही’ आले होते. सगळ्या आयुष्याचा सराव होता तो.

‘‘भ्यालो,’’ मी म्हणालो.

‘‘मी पण,’’ ती म्हणाली, आणि तोंड फिरवून आईच्या दंडात पुन्हा रडू लागली. मला कुणी उठवायला आले नाही. मी तसाच बसून राहिलो आणि शेवटपर्यंत ऐकत राहिलो.